उपकेंद्राचा आराखडा : आधी भूमीचा विचार

सातारा व सांगली हे एकेकाळी एकाच जिल्ह्याचे भाग होते. १९४९ साली दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला व १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव लाभले. इतिहास एक असला तरी भूमी एक नाही. महाबळेश्वरी वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जत, आटपाडीकडे तो ५०० च्या आसपास राहतो. साहजिकच, दोन्हीकडे एकाच नकाशाबरहुकूम आरोग्य उपकेंद्रे बांधणे हितावह नव्हे.

सपाट प्रदेशात ५,००० व डोंगरी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र हा निकष सर्वपरिचित आहे. परंतु सह्याद्रीच्या कुशीतील वाडीस अंतर मैलात नव्हे, तर वेळेत मोजावे लागते. भर पावसात, रात्रीच्या वेळी अडलेली बाळंतीण किती तासांत पोहोचेल, यावरून जागा ठरावी.

पाटण तालुक्याने ११ डिसेंबर १९६७ चा कोयना भूकंप सोसला. जुलै २०२१ मध्ये आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळल्या. तेथे उतारापासून दूर, पक्क्या जमिनीवर एकमजली इमारत असावी आणि जोते, दारांची वरची पातळी व छप्पर यांलगत सलग काँक्रीटचे पट्टे असावेत. कृष्णाकाठी २००५, २०१९ व २०२१ चे महापूर ध्यानी घेऊन जोते पूररेषेच्या वर घ्यावे. औषधे व नोंदवह्या त्याहून उंच ठेवाव्यात.

पूर्वेकडे प्रश्न पाण्याचा. १०० चौरस मीटर छपरावर ५०० मिलिमीटर पाऊस पडल्यास ५०,००० लिटर पाणी मिळते. वाया जाणारे वगळता सुमारे ४०,००० लिटर साठविता येते. पाण्यावाचून प्रसूतिगृहाची स्वच्छता अशक्य होय.

इमारतीइतकेच महत्त्व परिचारिकेच्या निवासास आहे. पाणी, दिवा, शौचालय व सुरक्षितता नसलेल्या घरात ती मुक्कामी राहील ही अपेक्षा व्यर्थ ठरते. आणि ती नसेल तर रात्री उपकेंद्र म्हणजे केवळ कुलूपबंद वास्तू.

म्हणून जागा सुचविण्यापूर्वी ग्रामसभेने चार प्रश्नांची उत्तरे लिहून ठेवावीत : पावसाळ्यात वाट कोणती? उन्हाळ्यात पाणी कोठून? रात्री मुक्कामी कोण? आणि छप्पर गळू लागल्यास दुरुस्ती कोण, कोणत्या निधीतून करणार? या उत्तरांवर बेतलेला आराखडाच दीर्घकाळ उपयोगी पडेल.