मांडी म्हणजे पट्टा नव्हे! बाळाच्या विमानप्रवासासाठी कारसीट कशी निवडावी?

सुट्या संपत आल्या की भुसावळ स्टेशनवर एक दृश्य हमखास दिसते. माहेरी आलेली लेक परत निघालेली असते. आजोबांच्या कडेवर दीड-दोन वर्षांचे नातवंड असते आणि आजीच्या पिशवीत लोणच्याची बरणी व केळीचे वेफर्स. पूर्वी ही लेक फार तर पुण्या-मुंबईला जायची. आता ती बंगळूरला, दुबईला, अमेरिकेला जाते. जळगावच्या विमानतळावरून २०१७ च्या डिसेंबरात प्रवासी विमानसेवा सुरू झाली. विमान आता खान्देशातल्या घरांना परके राहिलेले नाही. पण बाळाला विमानात बसवायचे कसे, हा विचार मात्र आपण तिकिटाच्या पैशांपलीकडे फारसा करीत नाही.

असेच एक आजी-आजोबा मागे दवाखान्यात आले. आजोबा रेल्वेतून निवृत्त झालेले. बरोबर मुलगी आणि एकवीस महिन्यांचा नातू. रात्रीच्या गाडीने मुंबई आणि तिथून विमानाने बंगळूर, असा बेत होता. लेकीला सोबत म्हणून आजीही जाणार होत्या. जावयांनी फोनवर बजावले होते, की बाळासाठी वेगळे आसन घ्या आणि कारसीटही विकत घ्या. आजींना ते लागले होते.

"डॉक्टरसाहेब, तुम्हीच सांगा. पोराला माझ्या मांडीपेक्षा सुरक्षित जागा कोणती? दोन वर्षांच्या आत पूर्ण तिकीट लागत नाही म्हणतात. मग हा खर्च कशाला?"

मी त्यांना माझीच गोष्ट सांगितली. माझी मुलगी दोन वर्षांची असताना आम्ही भुसावळहून मोटारीने जळगावला निघालो होतो. मी पुढे बसलो होतो आणि ती माझ्या मांडीवर. नशिराबादजवळ एक म्हैस रस्त्यावर आली. चालकाने ब्रेक दाबला. गाडी कुठेही आदळली नाही, वेगही जेमतेम चाळीसचा असेल. मी मुलीला दोन्ही हातांनी धरले होते, तरी ती सुटली. समोर कपाळ आपटले आणि तीन टाके पडले. मी तिचा बाप होतो, शिवाय डॉक्टर होतो, पण माझे हात पुरले नाहीत. मायेचा प्रश्न नव्हताच. प्रश्न बळाचा होता.

हात का पुरत नाहीत?

थोडे गणित करू. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर दहा किलोच्या बाळाला धरून ठेवायला सुमारे १४० किलो वजन पेलण्याइतके बळ लागते. म्हणजे सिमेंटच्या जवळजवळ तीन गोण्या, त्याही बेसावध असताना अचानक अंगावर आलेल्या. हे कोणत्याही पहिलवानाला जमणारे नाही. त्यातून धरणाऱ्याने स्वतः पट्टा लावलेला नसेल, तर त्याचे सारे वजन बाळावर येते ते वेगळेच.

बाळाच्या शरीराची ठेवणही लक्षात घ्यावी. जन्मतः डोके शरीराच्या लांबीच्या जवळजवळ एकचतुर्थांश असते. मोठ्या माणसात ते सातव्या-आठव्या भागाइतके राहते. डोके जड, मान कोवळी. झटका बसला की डोके पुढे फेकले जाते आणि सारा ताण मानेवर येतो. म्हणून लहान बाळाची कारसीट पाठमोरी, म्हणजे बाळाचे तोंड गाडीच्या मागच्या बाजूस होईल अशी बसवतात. मग झटका पाठ, मान आणि डोके या सर्वांवर सारखा वाटला जातो.

१९८९ सालची एक दुर्घटना

विमानातही हेच घडते. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत डेन्व्हरहून शिकागोला निघालेल्या युनायटेड एअरलाइन्सच्या विमानाचे शेपटाकडील इंजिन फुटले आणि विमान वळवण्याची सारी यंत्रणा निकामी झाली. वैमानिकांनी ते कसेबसे आयोवा राज्यातील सू सिटी येथे उतरवले. विमानातील २९६ जणांपैकी १८४ जण वाचले. विमानात चार मुले मोठ्यांच्या मांडीवर होती. अशा वेळी बाळाला पायाजवळ जमिनीवर ठेवून धरून ठेवावे, अशी त्या काळी सूचना असे. मुख्य विमानसेविका जॅन ब्राऊन यांनी ती पालकांना दिली. आदळताना ही मुले हातांत राहू शकली नाहीत आणि चारांपैकी एक मूल दगावले. जॅन ब्राऊन यांनी पुढे अनेक वर्षे, बाळालाही स्वतःचे आसन आणि पट्टा हवा, असा आग्रह सरकारदरबारी धरला.

अमेरिकेच्या विमान खात्याने मात्र २००५ साली अशी सक्ती करण्याचे नाकारले. त्यामागचा हिशेब आपल्यालाही विचार करायला लावणारा आहे. बाळाचे पूर्ण तिकीट सक्तीचे केले, तर काही कुटुंबे विमान सोडून मोटारीने जातील. रस्ता विमानापेक्षा कितीतरी धोक्याचा असल्याने एकूण जास्त मुले दगावतील, असे खात्याचे म्हणणे होते. तरीही बाळासाठी सर्वांत सुरक्षित जागा म्हणजे त्याचे स्वतःचे आसन आणि त्यावर बांधलेली मान्यताप्राप्त खुर्चीच, असे तेच खाते पालकांना आजही सांगते.

यातून घ्यायचा धडा असा: विमानाचे अपघात फार थोडे. तिथे रोजचा धोका आहे तो हवेतल्या हादऱ्यांचा. खरा मोठा धोका आहे विमानतळापर्यंतच्या आणि विमानतळापासून घरापर्यंतच्या रस्त्याचा. म्हणून कारसीट निवडताना ती आधी मोटारीसाठी चांगली हवी आणि मग विमानात चालणारी हवी.

खरेदी करताना काय पाहावे?

१. वजन आणि उंची. वयावर जाऊ नका. बाळाला तोलून आणि मोजून मगच दुकानात जा. खुर्चीवर किती किलोपर्यंत व किती उंचीपर्यंत चालेल हे लिहिलेले असते. दोन वर्षांच्या आतले मूल जितके दिवस पाठमोरे बसू शकेल तितके दिवस तसेच बसवावे. युरोपच्या नव्या नियमाप्रमाणे तर पंधरा महिन्यांपर्यंत पाठमोरे बसवणे बंधनकारकच आहे.

२. प्रमाणपत्राची चिठ्ठी. खुर्चीच्या मागे किंवा खाली ती असते. भारतीय मानक एआयएस ०७२, युरोपीय मानक आर ४४ किंवा त्यानंतरचे आर १२९. यांपैकी काहीच लिहिलेले नसेल, तर खुर्ची कितीही मऊ आणि देखणी असली तरी घेऊ नये.

३. विमानासाठीची वेगळी मान्यता. मोटारीला चालणारी प्रत्येक खुर्ची विमानात चालते असे नाही. अमेरिकन खुर्चीवर, ती मोटारगाडी व विमान या दोहोंत वापरण्यास प्रमाणित आहे, असे लाल अक्षरांत छापलेले असते. इतर खुर्च्यांच्या माहितीपुस्तिकेत विमानाचा उल्लेख आहे का ते पाहावे.

४. बांधण्याची पद्धत. हा मुद्दा बरेच जण विसरतात. विमानात फक्त कमरेचा पट्टा असतो. मोटारीतला खांद्यावरून येणारा पट्टा किंवा आयसोफिक्सचे लोखंडी हूक तिथे नसतात. जी खुर्ची केवळ कमरेच्या पट्ट्याने पक्की बसते, तीच विमानात उपयोगी. नुसते बूड उंच करणारे पाठीविना बूस्टर विमान उडताना व उतरताना चालत नाही.

५. रुंदी. विमानाच्या साध्या वर्गातले आसन साधारण १७ ते १८ इंच रुंद असते. खुर्ची १६ इंचांच्या आत असावी. दुकानात जाताना टेप घेऊन जा. खुर्ची हातात उचलूनही पाहा. एका काखेत बाळ आणि दुसऱ्या हातात खुर्ची घेऊन स्टेशनचा जिना चढायचा आहे!

६. जुनी खुर्ची. नात्यात कुणी वापरलेली खुर्ची देऊ केली, तर ती कधी अपघातात सापडली होती का आणि तिची मुदत संपली आहे का, हे विचारा. प्लॅस्टिक जुने होते. बहुतेक कंपन्या सहा ते दहा वर्षांची मुदत देतात.

विकत घेतल्यावर प्रवासाची वाट न पाहता घरच्या किंवा शेजारच्या गाडीत ती बांधून पाहा. ती नेहमी मागच्या आसनावरच बांधावी. पुढे एअरबॅग असेल तर तिथे पाठमोरी खुर्ची ठेवणे जिवावर बेतू शकते. बांधलेली खुर्ची बुडाशी धरून हलवली, तर एक इंचापेक्षा जास्त सरकता कामा नये. बाळाच्या खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरता आला, तर तो सैल आहे असे समजावे. पट्ट्याखाली जाड स्वेटर किंवा शाल नको. थंडी असेल तर पट्टा लावून झाल्यावर वरून पांघरूण घाला.

विमानात बसताना

तिकीट काढण्यापूर्वी विमान कंपनीला फोन करून विचारा: कारसीट चालेल का, पाठमोरी चालेल का, कोणते आसन मिळेल? प्रत्येक कंपनीचे नियम वेगळे असतात. खुर्ची शक्यतो खिडकीशी बांधतात, म्हणजे इतरांची वाट अडत नाही. संकटकालीन दाराच्या रांगेत ती चालत नाही. जाताना बाळ दोन वर्षांच्या आत असले आणि परतताना दोन पूर्ण झाली असली, तर परतीला त्याचे स्वतंत्र आसन घ्यावेच लागते.

खुर्ची फारच जड वाटत असेल, तर साधारण १० ते २० किलो वजनाच्या आणि १०० सेंटीमीटरपर्यंत उंचीच्या मुलासाठी केअर्स नावाचा पट्ट्यांचा संच मिळतो. विमानाच्या आसनाला तो अडकवता येतो. अमेरिकेने २००६ साली त्याला मान्यता दिली. मात्र तो फक्त विमानासाठी आहे. मोटारीत त्याचा उपयोग नाही.

विमान उतरताना कान दडतात आणि बाळे रडतात. त्या वेळी खुर्चीत बसल्या बसल्या पाणी किंवा दूध थोडे थोडे पाजावे. गिळण्याने कान मोकळे होतात. झोप लागावी म्हणून सर्दीचे औषध मात्र आपल्या मनाने देऊ नये.

दोन्ही खर्च परवडत नसतील तर?

हा प्रश्न खराच आहे आणि त्याचे उत्तर मी स्पष्ट देतो. बाळाचे जादा आसन आणि कारसीट यांपैकी एकच शक्य असेल, तर आधी कारसीट घ्या. ती रस्त्यावर रोज उपयोगी पडेल. विमानात सामानाबरोबर ती देता येते. नेताना नीट गुंडाळा आणि मिळाल्यावर कुठे तडा गेला नाही ना, ते पाहा. मांडीवर बसवलेच तर काही कंपन्या मोठ्यांच्या पट्ट्यात अडकवायचा छोटा पट्टा देतात. तो मागून घ्या. हादऱ्यात बाळ उडण्यापासून तो वाचवतो. मात्र मोठ्या धडकेत मोठ्या माणसाचे अंग बाळावर दुमडते, म्हणून अमेरिकेत त्याला परवानगी नाही. शेजारचे आसन रिकामे असेल, तर तिथे खुर्ची बांधू द्याल का, असे दारातच नम्रपणे विचारावे. विचारायला काय जाते?

आणि आता हा केवळ हौसेचा विषय उरलेला नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीप्रमाणे चौदा वर्षांच्या आतल्या मुलाला मोटारीत पट्ट्याने किंवा बालखुर्चीने सुरक्षित न केल्यास १,००० रुपये दंड आहे.

आपल्या उन्हाची एक सूचना

भुसावळच्या उन्हाळ्याबद्दल भुसावळकरांना काय सांगावे! उन्हात उभ्या बंद गाडीतले तापमान दहा मिनिटांत सुमारे दहा अंशांनी वाढते. खुर्चीचे धातूचे बक्कल तापून बाळाच्या मांडीला चटका बसतो. बसवण्यापूर्वी हात लावून पाहा. गाडी उभी असताना खुर्चीवर पांढरे फडके टाकून ठेवा. आणि "दोन मिनिटांत येतो" म्हणून बाळाला बंद गाडीत कधीही, अगदी झोपले असले तरी, सोडून जाऊ नका. लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी गाडी थांबवून बाळाला मोकळे करा.

हे सारे ऐकून आजी गप्प बसल्या होत्या. उठताना एवढेच म्हणाल्या, "म्हणजे जावयांचं बरोबर होतं म्हणायचं." त्यांनी खुर्ची घेतली, आसनही घेतले. चार दिवस घरीच बाळाला त्या खुर्चीत बसवून वरण-भात भरवला, त्यामुळे त्याला तिची सवय झाली.

आठवड्याने बंगळूरहून आजींचा फोन आला. विमान उतरताना दोनदा चांगलेच हिसकले, पण नातू झोपूनच होता. मी विचारले, "आणि विमानतळावरून घरी?" तिथला विमानतळ शहरापासून तीस-पस्तीस किलोमीटर दूर आहे.

"टॅक्सीवाला म्हणत होता, मांडीवर घ्या की," आजी म्हणाल्या. "मी म्हटलं, दादा, आधी खुर्ची बांधू द्या, मग गाडी काढा."