धुलाई यंत्राची किंमत आणि स्थानिक दुरुस्ती कारागीर

एकेकाळी शहरातील सुखवस्तू घरांपुरते मर्यादित असलेले धुलाई यंत्र, म्हणजेच वॉशिंग मशीन, आज तालुक्याच्या गावी आणि नळाच्या पाण्याची सोय झालेल्या मोठ्या खेड्यांतही दिसते. यंत्रामागोमाग दोन व्यवसाय येतात : ते विकणाऱ्या दुकानदाराचा आणि ते दुरुस्त करणाऱ्या कारागिराचा. पुष्कळदा हे दोन्ही एकाच कुटुंबात, एकाच छपराखाली चालतात. या कुटुंबांच्या अडचणींचे कारण म्हणून ‘स्पर्धा वाढली’ एवढेच सांगण्यात येते. पण तेवढ्याने उलगडा होत नाही. कारागिराची मजुरी दोन किमतींच्या मध्ये अडकलेली असते. वर नव्या यंत्राची किंमत, खाली सुट्या भागाची किंमत. या दोन्हींपैकी एकही त्याच्या हाती नसते.

उदाहरणादाखल एक हिशेब मांडून पाहू. समजा, नव्या स्वयंचलित यंत्राची किंमत १८,००० रुपये आहे. जुन्या यंत्राचा विद्युत नियंत्रण फलक, ज्याला कारागीर ‘पीसीबी’ म्हणतात, जळाला. फलकाचे ४,००० आणि मजुरीचे ५०० असा ४,५०० रुपये खर्च येतो. नव्या यंत्राच्या किमतीच्या तुलनेत हा पाव हिस्सा झाला. ग्राहक दुरुस्तीस तयार होतो. दिवाळीच्या सुमारास तेच नवे यंत्र सवलतीने १४,००० रुपयांना मिळू लागले आणि जुन्याचे १,५०० वजा झाले, तर नव्यासाठी पदरचे १२,५०० रुपयेच लागतात. आता तोच दुरुस्तीखर्च ३६ टक्के ठरतो. फलकाची किंमत बदललेली नाही, मजुरीही वाढलेली नाही. तरीही दुरुस्ती ‘महाग’ झाली! ग्राहक घासाघीस करतो ती मात्र ५०० रुपयांच्या मजुरीवर, कारण एवढाच आकडा समोरच्या माणसाच्या अधिकारातील असतो.

यात हप्त्यांच्या सोयीची भर पडते. नवे यंत्र मासिक हप्त्याने नेता येते. दुरुस्तीचे पैसे मात्र रोख मोजावे लागतात. महिनाअखेरीस हाती पैसा नसलेल्या कुटुंबाला साडेचार हजारांच्या दुरुस्तीपेक्षा चौदा हजारांची खरेदी सोपी वाटते. शिवाय बदली योजनेत जुने यंत्र गावाबाहेर जाते. स्थानिक कारागीर अशी यंत्रे विकत घेऊन एकाची मोटर, दुसऱ्याचा टायमर वापरून तिसरे चालू करीत असे आणि ते कमी उत्पन्नाच्या घराला विकत असे. हा कच्चा मालच आता त्याच्यापर्यंत पोहोचेनासा होतो.

दुकानदाराची अडचण निराळी आहे. वेष्टनावर छापलेली कमाल किरकोळ किंमत ही कायद्याने वरची मर्यादा आहे. तिच्या खाली कितीही उतरण्यास हरकत नाही. त्यामुळे मोठ्या प्रमाणावर खरेदी करणारा विक्रेता जी किंमत लावतो, ती कधी कधी आपल्या खरेदीच्या दरापेक्षाही कमी असते, अशी छोट्या दुकानदारांची तक्रार असते. परकीय गुंतवणूक असलेल्या ऑनलाइन बाजारपेठ कंपन्यांनी मालाच्या विक्रीकिमतीवर प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष प्रभाव टाकू नये, असे केंद्र शासनाने डिसेंबर २०१८ मध्ये स्पष्ट केले आणि हे स्पष्टीकरण १ फेब्रुवारी २०१९ पासून अमलात आले. तथापि, उत्पादक वा विक्रेता स्वतः सवलत देतो तेव्हा या नियमाचा दुकानदाराला उपयोग होत नाही.

करदरातील बदलाचा अनुभवही बोलका आहे. वस्तू व सेवा कर जुलै २०१७ मध्ये लागू झाला, तेव्हा धुलाई यंत्रावर २८ टक्के कर होता. तो २७ जुलै २०१८ पासून १८ टक्के झाला. ग्राहकाचा यात लाभच झाला. पण दुकानात आधीच भरून ठेवलेल्या मालाचे काय? करपूर्व किंमत १०,००० रुपये धरली, तर जे यंत्र आदल्या दिवशी १२,८०० रुपयांना पडले, ते दुसऱ्या दिवशी ११,८०० रुपयांना मिळू लागले. नियमित नोंदणी असलेल्या दुकानदाराला भरलेल्या २,८०० रुपयांच्या कराची वजावट मिळते. त्याने ते यंत्र ११,००० अधिक कर या दराने विकले, तर १,९८० रुपये कर देय होतो आणि ८२० रुपये पुढील करात वळते होण्यासाठी थांबून राहतात. पैसा अडकतो, पण बुडत नाही. आपसमेळ योजनेतील छोट्या दुकानदाराला मात्र अशी वजावटच नसते. त्याच्या प्रत्येक शिल्लक यंत्रामागे हजार रुपयांचा फरक त्याच्याच अंगावर पडला. ज्याच्यासाठी हिशेबाची सोपी पद्धत योजली, त्यालाच बदलाचा फटका अधिक बसला, ही गोष्ट दर बदलणाऱ्यांनी ध्यानात घेण्यासारखी आहे.

आता खालच्या किमतीकडे वळू. अर्धस्वयंचलित यंत्रातील पट्टा, कपॅसिटर, टायमर हे भाग अनेक बनावटींत सारखेच चालतात. पुण्याच्या तपकीर गल्लीसारख्या बाजारांतून कारागीर ते आणू शकतो. समोरून दार असलेल्या यंत्रांची रचना गुंतागुंतीची असते. काही यंत्रांत बाहेरची टाकी कायमची जोडून बंद केलेली असल्याने केवळ बेअरिंग खराब झाले तरी टाकीचा संपूर्ण संचच बदलावा लागतो. नियंत्रण फलक तर एकेका नमुन्यापुरताच तयार होतो. त्यामुळे त्याची किंमत कंपनी ठरवील ती; आणि विजेचा दाब कमीजास्त होणाऱ्या भागात हाच फलक वारंवार जळतो. काही कारागीर फलकावरील जळालेला घटक शोधून तेवढाच बदलतात. हे कौशल्याचे काम आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील शिक्षकांनी त्यावर विशेष भर द्यावा, कारण सुट्या भागाच्या किमतीतून कारागिराची सुटका करणारा दुसरा मार्ग सहसा नाही.

स्वतंत्र कारागिराची गरज कंपनी अडचणीत आल्यावर विशेष जाणवते. छत्रपती संभाजीनगरजवळ चितेगाव येथे कारखाना असलेल्या व्हिडिओकॉन कंपनीवर जून २०१८ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. कंपनी थांबली तरी तिची यंत्रे घरोघरी राहतात. ती चालू ठेवण्यासाठी मग गावातलाच कारागीर गाठावा लागतो.

सुटे भाग स्वतंत्र कारागिरांना न मिळू देणे हा स्पर्धेचा भंग ठरू शकतो, हे मोटारींच्या बाबतीत भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ च्या आदेशात मान्य केले. त्या वेळी १४ कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपये दंड झाला. पुढे अपिलेही झाली. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ रोजी त्यासाठी संकेतस्थळ सुरू केले. घरगुती टिकाऊ उपकरणे त्यात समाविष्ट आहेत. सुट्या भागांविषयीची माहिती एकत्र मिळणे हे पहिले पाऊल होय. मात्र माहिती मिळाल्याने भागाची किंमत आपोआप उतरत नाही.

ग्रामपंचायतीच्या पातळीवर करण्याजोग्या गोष्टी लहान, पण उपयोगी आहेत. किरकोळ विक्रीच्या वेष्टनबंद सुट्या भागावरही कमाल किरकोळ किंमत छापलेली असावी लागते. ती ग्राहकाला दाखवून पावतीत भाग आणि मजुरी वेगळी लिहिण्याची सवय कारागिरांना लावता येईल. भागासाठी किती आणि श्रमासाठी किती, हे दिसले की मजुरीवरील घासाघीस बरीच कमी होते. मोटरची दहा वर्षांची हमी म्हणजे बहुधा केवळ त्या भागाची हमी असते. कारागिराच्या भेटीचे आणि बसवणुकीचे पैसे वेगळे पडू शकतात. खरेदीच्या वेळी हमीपत्रातील हा मजकूर वाचून दाखविण्याचे काम शाळेतील वरच्या वर्गाची मुलेही करू शकतील.