एक प्रोसेसर, अनेक कामे

वर्गात गणिताचे शिक्षक एक आणि मुले चाळीस. प्रत्येकाचे उदाहरण कुठेतरी अडले आहे. शिक्षक एकाच मुलाजवळ तासभर बसले, तर इतरांनी काय करायचे? म्हणून ते प्रत्येकाजवळ थोडा वेळ थांबतात आणि पुढे सरकतात.

संगणकातही असेच चालते. एक प्रोसेसर एका क्षणी एकाच कार्यक्रमाचे काम करतो. मग अनेक कार्यक्रम एकदम कसे चालतात? प्रत्येकाला लहानशी पाळी मिळते. पाळी संपली की आतले घड्याळ इशारा देते. काम कुठवर आले याची नोंद होते आणि पुढचा कार्यक्रम सुरू होतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेत फर्नांडो कोर्बाटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली अशी वेळवाटणी चालवून दाखवली.

हिशेब करून पाहू. अ, ब, क या कामांना अनुक्रमे ६, २ व १ सेकंद लागतात. ती एकामागून एक केली, तर क नवव्या सेकंदाला संपेल. एकेका सेकंदाच्या पाळ्या दिल्या तर? क तिसऱ्या सेकंदाला, ब पाचव्या आणि अ नवव्या सेकंदाला संपेल. एकूण वेळ तेवढाच, पण लहान कामांची सुटका लवकर!

मात्र सगळी कामे सारखीच निकडीची नसतात. म्हणून त्यांना अग्रक्रम देतात. वरच्या अग्रक्रमाचे काम आले की खालचे थांबते. यातूनच एकदा मोठा घोटाळा झाला.

४ जुलै १९९७ रोजी 'पाथफाइंडर' यान मंगळावर उतरले. काही दिवसांतच त्याचा संगणक मधूनमधून आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागला. त्या दिवसाची उरलेली कामे दुसऱ्या दिवसावर जात. यान सुमारे १९ कोटी किलोमीटर दूर. दुरुस्तीला जाणार कोण?

कॅलिफोर्नियातील अभियंत्यांनी पृथ्वीवरच्या तशाच संगणकावर तोच बिघाड घडवून आणला, तेव्हा कारण सापडले. हवामानाची माहिती गोळा करणारे काम खालच्या अग्रक्रमाचे. त्याने सामाईक साधनाला कुलूप लावले, आणि ते उघडण्याआधीच मधल्या अग्रक्रमाच्या कामांनी प्रोसेसर घेतला. आता सर्वांत निकडीचे काम कुलूप उघडण्याची वाट पाहत बसले. पण ज्याच्याकडे किल्ली, त्याची पाळीच येईना! निकडीचे काम वेळेत झाले नाही हे दिसताच, सुरक्षेच्या नियमाप्रमाणे संगणक सगळे नव्याने सुरू करी.

उपाय साधा होता. निकडीचे काम ज्याच्यामुळे अडले आहे, त्याला तेवढ्यापुरता वरचा अग्रक्रम द्यायचा. म्हणजे ते चटकन काम संपवून कुलूप उघडते. हा बदल रेडिओसंदेशाने मंगळावर पाठवला आणि बिघाड थांबला.

आता तुम्ही विचार करा. वरच्या उदाहरणात प्रत्येक वेळी काम बदलताना पाव सेकंद खर्च होत असेल, तर अ कधी संपेल? आणि पाळी फारच लहान केली, तर प्रोसेसरचा बहुतेक वेळ कशात जाईल?