ज्या वर्गात शिक्षकाची खरी गरज असते

चि. रेणू,

तुला सातपुड्याच्या पायथ्याची शाळा मिळाली, वर्गात निम्मी मुलं कोरकू, बाकीची मजुरांची. संधी मिळताच बदली मागावी, असं तुझ्या मनात आहे. बदली माग हवी तर; पण अशा मुलांना शिकवून हाती काही लागत नाही, या समजुतीपायी मागू नकोस. शिक्षकाच्या कष्टाचं फळ जितकं अशा वर्गात दिसतं, तितकं दुसरीकडे दिसत नाही. अकोल्यातल्या सुशिक्षित घरचं मूल वाचू लागलं, तर त्यात आईचा, शिकवणीचा आणि घरातल्या पुस्तकांचा वाटा किती नि बाईंचा किती, कोण सांगणार? तुझ्या वर्गातलं पोर वाचू लागलं, तर ते बहुतेक शाळेमुळेच. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठीला परकी. मेळघाटातून पुनर्वसन होऊन अकोट-तेल्हाऱ्याकडे आलेल्या घरातलं पोर पहिलीत गप्प बसतं, ते मंद असतं म्हणून नव्हे. त्याला बाईंचं बोलणंच कळत नसतं. त्याच्या भाषेतले रोजचे शब्द तू शिकलीस, की ते बोलू लागेल.

तू म्हणशील, घरचं पाठबळ नसलं तर शिक्षकानं किती करावं? आईबाप कामाला बाहेरगावी निघाले की पोरही जातं, आणि वर्षाची मेहनत वाया. हे खरंच आहे. पण शेजारच्या अमरावती जिल्ह्यातलं मंगरूळ चव्हाळा बघ. 1871च्या कायद्यानं गुन्हेगार ठरवलेल्या आणि 1952 साली कागदोपत्री मुक्त झालेल्या जमातींपैकी एक म्हणजे फासेपारधी. त्याच समाजातले मतीन भोसले यांनी शिक्षकाची नोकरी सोडून, भीक मागणाऱ्या पोरांसाठी 2012 साली तिथं 'प्रश्नचिन्ह' ही निवासी शाळा काढली. घरचं पाठबळ नव्हतं, म्हणून शाळेनंच राहण्या-जेवणाची सोय केली. पुढे समृद्धी महामार्गात शाळेचं काही बांधकाम गेलं, तो घाव मोठाच होता. नोकरी सोडावी असं मी तुला मुळीच सांगत नाही. त्यागाच्या गोष्टी सांगून शिक्षकाला एकटं पाडणं मला अन्यायाचं वाटतं. शिक्षणहक्क कायद्यात वयानुरूप प्रवेश आहे, मागं पडलेल्यांसाठी विशेष प्रशिक्षण आहे. स्थलांतरितांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. ते सारं मागून घेणं हेही शिकवण्याइतकंच तुझं काम.

दिवाळीआधीच गावात फिरून बाहेर जाणाऱ्या घरांची यादी कर, आणि शाळा व्यवस्थापन समितीपुढं वसतिगृहाचा विषय वेळेत मांड.

तुझा,
मामा