ॲडमिट केलंय, मग औषध का नाही?

तान्ह्या बाळाला सर्दी होते आणि दोन-तीन दिवसांत धाप लागून ॲडमिट करावं लागतं. तिथे गेल्यावर घरच्यांची खरी घालमेल सुरू होते. नाकाशी ऑक्सिजनची नळी, नाकातूनच पोटात दुधाची नळी, आणि अँटिबायोटिक मात्र नाही. आजी हळूच विचारतात, "डॉक्टर, औषध कधी सुरू करणार?"

बहुतेक वेळा हा आजार ब्रॉन्किओलायटिस असतो आणि त्यामागे बरेचदा आरएसव्ही नावाचा विषाणू. दोन वर्षांची होईपर्यंत जवळजवळ सगळी मुलं या विषाणूला एकदा तरी सामोरी जातात. मोठ्या भावंडाचं नुसतं नाक वाहतं. तीन महिन्यांच्या बाळाच्या फुफ्फुसातल्या बारीक नळ्या मात्र इतक्या अरुंद असतात, की थोडी सूज आणि चिकट स्राव एवढ्यानेच हवा अडते. बाळ जोरजोरात श्वास घेतं, दमतं, आणि दमल्यामुळे दूध ओढू शकत नाही. म्हणून ऑक्सिजन, पोटात दूध किंवा शिरेतून सलाइन, आणि नाक मोकळं ठेवणं हेच इथले उपचार. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. ते द्यायचं तर जिवाणूंचा संसर्ग झाल्याची शंका हवी. वाफेच्या मशीनमधून दिलेलं दम्याचं औषध आणि स्टेरॉइड यांचाही या आजारात सहसा उपयोग होत नाही. डॉक्टर हात राखून औषधं देत असतील, तर त्यांच्यावर दबाव आणू नका. खरं सांगायचं तर कमी औषधं लिहायलाच जास्त धीर लागतो.

आजार साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी जोरात असतो. म्हणजे ॲडमिट केल्यानंतर बाळ आधी थोडं जास्त आजारी दिसू शकतं. उपचार चुकले म्हणून लगेच दुसरं हॉस्पिटल गाठायची घाई नको.

मग घरी असताना ओळखायचं कसं? ताप किती आणि छाती किती घरघरते, यापेक्षा दोन गोष्टी जास्त सांगून जातात: श्वास आणि दूध. बाळ शांत किंवा झोपलेलं असताना अंगावरचा कपडा वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त असतील, तर डॉक्टरांकडे जा. मोजणं अवघड नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ज्यांना मोठे आकडे मोजता येत नाहीत त्यांच्यासाठीही साधन बनवलं होतं: मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि दर दहा श्वासांना सरकवायचा एक मणी. तुमच्या हातात तर मोबाइल आहे. कोविडच्या काळात आणलेला बोटाचा ऑक्सिमीटर मात्र बाळाला लावू नका. तो मोठ्यांच्या बोटासाठी असतो, बाळाला चुकीचा आकडा दाखवतो.

पोट उडतंय, बरगड्यांखाली खड्डा पडतोय, बाळ कण्हतंय, नेहमीच्या निम्मंही दूध घेत नाही, लघवी कमी झालीये, तर रात्र असली तरी थांबू नका. ओठ निळसर दिसले किंवा श्वास मध्येच थांबला, तर तडक १०८ ला फोन करा. दोन महिन्यांच्या आतली, अपुऱ्या दिवसांची आणि हृदयाचा जन्मजात आजार असलेली बाळं यांच्या बाबतीत साधी सर्दीही डॉक्टरांना दाखवलेली बरी.

आता धुरीबद्दल, कारण यावर माझा वाद बऱ्याच घरांत होतो. आंघोळीनंतर ओवा, शेपा, वावडिंग घालून दिलेल्या धुरीने बाळ 'शेकलं' जात नाही. त्याच्या सुजलेल्या नळ्यांत धूर जातो. चूल, उदबत्ती, मच्छर कॉइल आणि बाबांची सिगारेट यांचंही तेच. कापूर चोळणंही बंद करा. तो पोटात गेला तर बाळाला झटके येऊ शकतात. त्यापेक्षा दूध पाजण्याआधी नाकात मिठाच्या पाण्याचे मेडिकलमध्ये मिळणारे थेंब टाका आणि थोडं थोडं, पण वारंवार पाजा. आईला सर्दी असली तरी अंगावरचं दूध चालूच ठेवायचं. पाजताना मास्क लावायचा, आधी हात धुवायचे.

हॉस्पिटलमध्ये बाळाला भेटायला येणाऱ्यांचा ओघ थांबवा. आरएसव्ही टेबलावर, खाटेच्या कठड्यावर काही तास टिकतो आणि हातांवाटे शेजारच्या खाटेवरच्या बाळापर्यंत पोहोचतो. 'नुसतं बघून जातो' म्हणणाऱ्या मामांनाही व्हिडिओ कॉलवरच दाखवा.

घरी सोडल्यावर खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो. त्यासाठी सिरप आणू नका. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात विषारी रसायन मिसळलेल्या खोकल्याच्या सिरपने मुलांची मूत्रपिंडं निकामी झाली, अनेक मुलं दगावली. त्यातल्या काहींना उपचारांसाठी नागपूरला आणलं होतं. केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने तेव्हा पुन्हा बजावलं, की दोन वर्षांच्या आतल्या मुलांना खोकल्या-सर्दीची सिरप देऊच नयेत. मधही वर्ष पूर्ण होईपर्यंत नाही. खोकत असलेलं बाळ दूध नीट पीत असेल, खेळत असेल आणि श्वास मोजून ठीक असतील, तर त्याला खोकू द्या.