घड्याळ खुशाल वाच, पण लावताना थांब

सीमध्ये वेळ विचारणं सोपं आहे, पोरी. ‘टाइम’ फंक्शनला हाक मारलीस की १ जानेवारी १९७० पासून सरलेले सेकंद हातात. तो शून्याचा क्षण यूटीसीतल्या मध्यरात्रीचा. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच झाले होते. म्हणून छापलेल्या वेळेत साडेपाच तासांची तफावत दिसली, तर ‘लोकलटाइम’च्या जागी ‘जीएमटाइम’ तर लिहिलं नाहीस ना, हे आधी बघ.

‘लोकलटाइम’ने दिलेल्या वर्षात १९०० मिळवायचे आणि महिन्यात १, कारण तिथला जानेवारी शून्य. शिवाय हे उत्तर ज्या जागेत मिळतं ती तुझ्या मालकीची नाही, पुढच्या हाकेला तिच्यावरच नवं लिहिलं जातं. थ्रेड असतील तर ‘लोकलटाइम_आर’च घे.

कामाला किती वेळ लागला हे मोजायला मात्र हे घड्याळ नकोच. नेटवर्कवरून वेळ जुळवणारं एनटीपी ते मध्येच मागे सारतं आणि सुरू होण्याआधीच संपलेलं काम लॉगमध्ये दिसतं! ‘क्लॉक_गेटटाइम’ला ‘क्लॉक_मोनोटॉनिक’ सांग, ते कधी मागे जात नाही. नुसत्या ‘क्लॉक’च्या नावाला भुलू नकोस. ते प्रोसेसरने खर्चलेला वेळ सांगतं. प्रोग्रॅम दहा सेकंद झोपला, तर ती झोप त्याच्या हिशेबात जवळजवळ नसतेच.

आता लावण्याचं. ‘क्लॉक_सेटटाइम’ रूटचा अधिकार मागतं; नसेल तर उणे एक परत येतो आणि ‘एररनो’त ‘ईपर्म’. तो उणे एक न तपासणाऱ्याने घड्याळाला हात लावूच नये, असं माझं स्पष्ट मत. जुन्या पुस्तकांतलं ‘एसटाइम’ विसर, नव्या ग्लिबसीत ते लिंकच होत नाही. फरक थोडा असेल तर ‘अ‍ॅडजटाइम’ बरं, ते वेळ हळूहळू ओढून जागेवर आणतं. एकदम मागे उडी मारलीस तर ‘मेक’सुद्धा फाइल भविष्यातली आहे म्हणून कुरकुरतं. एनटीपी चालू असेल तर तुझी वेळ ते फिरवणारच, तेव्हा आधी त्याला थांबव. आणि बोर्डावरच्या बॅटरीच्या घड्याळात ती वेळ उतरली असेल असं गृहीत धरू नकोस. ‘एचडब्ल्यूक्लॉक’ने लिहून टाक.

जुन्या ३२ बिटांच्या बोर्डावर काम पडलं, तर ‘टाइम_टी’ किती बाइटचा आहे ते पहिल्याच दिवशी छापून बघ. चार आले, तर १९ जानेवारी २०३८ ला सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनंतर तो आकडा उणे होईल. वरिष्ठांना हे आजच लेखी कळव.