बोटीच्या खिडकीची गळती: आधी कारण शोधा, मगच कोटेशन द्या

कमी भांडवलात सुरू होणाऱ्या सर्व्हिस व्यवसायांवर आपण बोलतोय. आजचा विषय कोकण आणि गोव्यातल्या मित्रांसाठी खास आहे: जुन्या बोटीच्या गळक्या खिडक्या. व्हिडिओत हत्यारं आणि हाताचं काम दाखवलंय. इथे हिशोब आणि कारणं सविस्तर लिहितो. वही-पेन घेऊन बसा.

गिऱ्हाईक कोण? प्रवासी लाँचवाले, मालवण-तारकर्लीकडचे पर्यटन बोटवाले, पणजीला मांडवीत फिरणाऱ्या बोटींचे मालक, ट्रॉलरच्या केबिनची काच गळतेय म्हणून वैतागलेले नाखवा. यांच्याकडे आज काय होतं? खिडकी गळली की खलाशी सिलिकॉनची ट्यूब आणतो आणि बाहेरून कडेला फासतो. महिन्याभरात पुन्हा थेंब. मग त्यावर आणखी एक थर. या थरांच्या मागे पाणी अडकतं आणि केबिनचं प्लायवूड आतून कुजत जातं. म्हणजे मालकाचं खरं नुकसान ओल्या गादीचं नसतं, ते भिंतीच्या आत होत असतं. हे त्याला समजावून सांगता आलं, तर तुम्ही त्याच्या दृष्टीने ट्यूब फासणारे राहत नाही.

खिडकी गळते का?

जुन्या फायबर बोटीवर खिडकी बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिकची असते. अ‍ॅक्रिलिक उन्हाने फायबरपेक्षा खूप जास्त फुगतं. हिशोब करा: १ मीटर अ‍ॅक्रिलिक १ अंश तापलं की साधारण ०.०७ मि.मी. वाढतं. ९०० मि.मी. लांबीची काळपट खिडकी सकाळी २५ अंशावर आणि दुपारच्या उन्हात ५५ अंशावर असेल, तर ती जवळपास १.९ मि.मी. लांब होते. त्याच खालचं फायबर त्याच्या निम्म्याहूनही कमी वाढतं. रोज ही ओढाताण चालते. मधला सिलिकॉनचा थर कागदासारखा पातळ असेल तर तो सुटणारच. थर ३ मि.मी. जाड असेल तर तो रबरासारखा ताणला जातो आणि टिकतो.

दुसरं कारण स्क्रू. अ‍ॅक्रिलिकला घट्ट भोक पाडून स्क्रू आवळला की खिडकीला हलायला जागा उरत नाही आणि भोकापासून तडे जातात. तिसरं कारण अ‍ॅल्युमिनियम फ्रेमच्या खिडक्यांत दिसतं: रबर आकसून कोपऱ्यात फट पडते, किंवा सरकत्या खिडकीच्या खालच्या खाचेतली पाणी बाहेर जाणारी भोकं मिठाने आणि कचऱ्याने बुजतात. अशा वेळी भोकं साफ केली की काम संपलं. इथे नवीन खिडकीचं कोटेशन देणारा माणूस दुसऱ्यांदा बोलावला जात नाही.

तपासणी: तुमचा खरा माल हाच

पाणी जिथे टपकतं तिथूनच आत येतं, असं नसतं. वरच्या रेलिंगच्या स्क्रूमधून शिरलेलं पाणी छताच्या आतून वाहत येऊन खिडकीच्या कोपऱ्यात थेंब सोडतं. म्हणून क्रम पाळा.

१. एक जण आत टॉर्च आणि कोरडा टिश्यू घेऊन बसेल. दुसरा बाहेर पाण्याचा पाइप धरेल. जोराचा फवारा नको, साधी धार पुरे.
२. धार आधी खिडकीच्या खालच्या कडेवर, मग बाजूंना, मग वरच्या कडेवर, शेवटी रेलिंगवर. प्रत्येक ठिकाणी ५ मिनिटं थांबा. वरून सुरुवात केली तर सगळंच ओलं होतं आणि जागा कळत नाही.
३. खिडकीभोवती स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोका. टणक आवाज म्हणजे ठीक, बद्द आवाज म्हणजे आत ओल किंवा कूज असल्याची शंका.
४. प्रत्येक पायरीचे फोटो काढा आणि मालकाला दाखवा.

दुरुस्ती की बदल?

खिडकी स्वच्छ आहे, तडा नाही, फक्त थर सुटलाय: काढा, साफ करा, तीच परत बसवा. अ‍ॅक्रिलिकमध्ये बारीक जाळीसारखे तडे दिसतायत किंवा भोकापासून चीर गेलीय: बदला. बद्द आवाज आलाय: आधी कुजलेला भाग कापून, वाळवून, इपॉक्सीने कड भरा, मगच खिडकीला हात लावा. कुजलेल्या कडेवर नवी खिडकी बसवली तर गिऱ्हाइकाचे पैसेही गेले आणि तुमचं नावही.

काम करताना लक्षात ठेवा

जुनं सिलिकॉन पूर्ण खरवडून काढा. त्याचा अंश राहिला तर नवा थर धरत नाही. अ‍ॅक्रिलिक थिनर, अ‍ॅसिटोन किंवा पेट्रोलने कधीही पुसू नका, तडे जातात. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन धातूला गंजवतं. न्यूट्रल प्रकारचं घ्या आणि ते अ‍ॅक्रिलिकला चालतं का, हे कंपनीच्या माहितीपत्रकात वाचा. काही पॉलियुरेथेन सीलंट फायबरला उत्तम असतात, पण अ‍ॅक्रिलिकला बाधतात. थर दाबून बाहेर निघू नये म्हणून मध्ये ३ मि.मी. जाडीचे तुकडे ठेवा. स्क्रू लागणारच असतील तर भोक स्क्रूपेक्षा २-३ मि.मी. मोठं ठेवा, स्क्रू ३१६ ग्रेडचे स्टेनलेस घ्या आणि हलकेच आवळा.

आणि हो, प्रवासी बोटीवर खिडकीचा आकार किंवा बाहेर पडायची वाट परस्पर बदलायची नाही. महाराष्ट्रात असाल तर मेरीटाईम बोर्डाच्या सर्व्हेअरला मालकाने आधी विचारावं, हे कोटेशनमध्येच लिहा.

आता हिशोब

९०० × ३०० मि.मी.ची खिडकी घ्या. परिमिती २४०० मि.मी., थराची रुंदी २५, जाडी ३. गुणाकार केला की १,८०,००० घन मि.मी., म्हणजे १८० मि.ली. वाया जाणारं २५ टक्के धरा: २२५ मि.ली. साधारण ३०० मि.ली.ची एक ट्यूब एका खिडकीला लागते. सहा खिडक्यांच्या लाँचला 'दोन-तीन ट्यूबमध्ये होईल' असं म्हणणारा एक तर पातळ थर देणार, किंवा तोट्यात जाणार.

कोटेशन तीन ओळींत द्या. पहिली ओळ तपासणी फी; काम मिळालं तर ती बिलातून वजा. दुसरी ओळ खिडकीमागे दर, दुरुस्ती आणि बदल वेगवेगळा. तिसरी ओळ: कूज निघाली तर त्याचा दर फोटो दाखवून वेगळा ठरेल. गॅरंटी फक्त तुम्ही हात लावलेल्या खिडक्यांची, तीही लेखी. मजुरीत सगळ्यात जास्त वेळ जुनं खरवडण्यात जातो, त्याचे तास धरायला विसरू नका.

हंगाम ओळखा

इथे एक गंमत आहे. गळती दिसते पावसात, पण थर लावायला पृष्ठभाग कोरडा लागतो. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी साधारण १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस बंद असते. गेटवे-मांडवा मार्गावरच्या लाँचही पावसाळ्यात बंद असतात. म्हणजे बोटी किनाऱ्यावर आणि मालक मोकळा. हे दिवस तपासणीचे, फोटोंचे आणि अ‍ॅडव्हान्स घेण्याचे. शेड असेल तर काम तेव्हाच करा. नसेल तर पाऊस उघडल्यावरच्या तारखा वाटून द्या. रुंद थर आतपर्यंत सुकायला आठवडा किंवा जास्तही लागतो, तेवढे दिवस बोट हलणार नाही हे मालकाशी आधीच ठरवा. एप्रिल-मे हा दुसरा चांगला काळ, कारण पावसाआधी सगळ्यांनाच घाई असते.

या आठवड्याचा गृहपाठ: जवळच्या जेटीवर जा, तीन बोटींच्या खिडक्या बघा आणि वर दिल्याप्रमाणे प्रत्येकीला किती ट्यूब लागतील ते काढा. तांडेलाला एवढंच विचारा, "दादा, ही खिडकी आतापर्यंत किती वेळा भरली?" त्याच्या उत्तरात तुमचा पहिला गिऱ्हाईक बसलेला असेल. हिशोब कमेंटमध्ये टाका, मी तपासून देतो.